सिमेंट सगळ्यात शेवटी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: चिपळूणजवळ घर, मागच्या अंगणात १२ बाय १८ फुटांची मोकळी जागा, कंपाउंड बांधून उरलेले तीसेक जांभ्याचे चिरे. तुमच्याकडे ट्रॅक्सस टीआरएक्स-४ ही रिमोटची गाडी आहे, मुलाकडे छोटी अ‍ॅक्सिअल एससीएक्स-२४. या जागेत अशा क्रॉलर गाड्यांसाठी, म्हणजे दगडधोंड्यांवरून संथपणे चढणाऱ्या गाड्यांसाठी, दगडांचा पक्का ट्रॅक करायचाय, गवंडी पुढच्या आठवड्यात येतोय, त्याला काय सांगू?

त्याला सांगा, महिन्याभराने ये.

मी साताऱ्यात गेली बारा वर्षं हा उद्योग करतोय. स्वतःच्या परसात तीन ट्रॅक बांधले, त्यातले दोन फोडले. मित्रांच्या अंगणांत आणि शेतघरांवर आणखी सात-आठ झाले असतील. फोडलेल्यांतला पहिला मी अगदी तुमच्यासारखाच ठरवला होता: दोन दिवस, एक गवंडी, एक बिगारी, सहा पोती सिमेंट. दिसायला इतका झकास की शेजारच्या काकूंनी गणपतीच्या देखाव्यासाठी त्यातला बोगदा मागितला. तिसऱ्या रविवारी मी आणि भाचा गाड्या घेऊन उभे राहिलो आणि दहा मिनिटांत चहाला आत निघून आलो. कुठे थांबायचं, कुठे थ्रॉटल द्यायचं, कुठे चाक वळवायचं, सगळं पाठ झालं होतं. दिवाळीच्या सुट्टीत पहार घेऊन मीच तो फोडला.

क्रॉलरची गंमत वेगात नसते. ही गाडी माणसाच्या चालीपेक्षाही हळू जाते. गंमत असते ती लाइन शोधण्यात, म्हणजे पुढचं डावं चाक त्या खपलीवर टेकवायचं, मागचं उजवं त्या खाचेत अडकवायचं आणि मधला क्षणभर तीन चाकांवर काढायचा. एका दगडावर अशा तीन लाइन निघत असतील, एक सोपी, एक घाम काढणारी आणि एक जवळपास अशक्य, तर तो दगड वर्षभर पुरतो. गवंड्याच्या हातात थापी दिली की तो न सांगता सगळ्या खाचा भरतो. त्याची चूक नाही, जन्मभर त्याने सांधे भरण्याचंच काम केलंय. पण आपला सगळा खेळ त्या सांध्यांतच असतो. म्हणून पहिला महिना दगड सुटे ठेवायचे, हलवायचे, खेळायचं, पुन्हा हलवायचे.

दगडाला हात लावायच्या आधी गाडी मोजा. टीआरएक्स-४चे आकडे साधारण असे आहेत: पुढच्या-मागच्या चाकांच्या आसांमधलं अंतर ३१ ते ३२ सें.मी. (बॉडीनुसार थोडं बदलतं), रुंदी २५ सें.मी.च्या आसपास, चाकाचा व्यास पावणेबारा, मधोमध पोटाखाली ८ सें.मी. जागा. हे तुमच्या गाडीवर टेप लावून पडताळा, कारण टायर बदललेले असतील तर सगळंच बदलतं.

दोन आकडे मात्र टेपने मिळत नाहीत. दीड-दोन फुटी फरशीचा तुकडा घ्या, खरखरीत बाजू वर. त्यावर गाडी चालू स्थितीत, ब्रेक धरून उभी करा आणि एका बाजूने विटा सारत फरशी उचलत जा. फोनमधलं लेव्हलचं अ‍ॅप फरशीवर ठेवलं की कोन कळतो. गाडीचं तोंड चढाकडे ठेवून ती कितीला घसरते ते लिहून ठेवा. मग गाडी आडवी लावून कितीला कलंडते ते. तीच गंमत फरशी ओली करून पुन्हा. माझी गाडी कोरड्यावर ४६ अंशांना घसरते, ओल्यावर ३५ला, आणि आडवी ४२ला कलंडते. म्हणजे आडव्या उतारावर ती उन्हाळ्यात उलटते आणि पावसाळ्यात उलटण्याआधीच घसरून खाली येते. तोच दगड, दोन वेगळे खेळ. हे मला फरशी उचलल्यावर कळलं, त्याआधी चार वर्षं मी टायरला दोष देत होतो.

आडवा उतार बांधताना कलंडण्याच्या कोनाच्या पाच-सात अंश खालीच थांबा. ३५ अंशांच्या आडव्या उतारावर गाडी तशी सुरक्षित असते, पण वरच्या बाजूच्या चाकाखाली दोन सें.मी.चा खडा आला की संपलं. तो खडा तुम्ही ठेवायचा आणि दर रविवारी जागा बदलायची.

पायऱ्यांबद्दल जरा विस्ताराने सांगतो, कारण सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. पायरीची उंची चाकाच्या व्यासाच्या निम्म्यापेक्षा कमी असेल, म्हणजे तुमच्यासाठी ६ सें.मी.च्या आत, तर चाकाला पायरीची कड आपल्या मध्याच्या खाली सापडते आणि ते तिच्यावर चढून जातं. निम्म्यापेक्षा उंच पायरी झाली की चाकासमोर सरळ भिंत उभी राहते. मग मागच्या चाकांनी पुढच्यांना भिंतीवर दाबून धरायचं आणि पुढच्यांनी निव्वळ घर्षणावर वर सरकायचं, असा मामला होतो. म्हणून ४ सें.मी.ची पायरी मोठी गाडी चालवणाऱ्या मुलांना द्या, ६ची स्वतःला सरावाला, ८-९ची रविवारच्या इभ्रतीला. १२ सें.मी.ची सरळ पायरी बांधूच नका. बांधायचीच असेल तर तिच्या एका कोपऱ्यात खाच द्या, म्हणजे गाडी तिरकी घालून एकेक चाक वर नेता येतं.

उंचीहून महत्त्वाचं असतं ते दोन पायऱ्यांमधलं अंतर, आणि त्याकडे कुणी बघत नाही. दोन पायऱ्या बरोबर ३१-३२ सें.मी.वर ठेवल्या की पुढची आणि मागची चाकं एकाच वेळी भिंतीला भिडतात. ढकलायला मागे कुणी मोकळं उरत नाही आणि ६ सें.मी.ची साधी पायरीही गाडी रडवते. तेच अंतर ४० सें.मी. करा, गाडी आधी पुढची चढते, दम घेते, मग मागची चढवते. मी मुद्दाम वरची पायरी सुटी ठेवतो. कुणी फार शेखी मिरवायला लागला की चहा आणण्याच्या निमित्ताने ती आठ सें.मी. अलीकडे सरकवतो.

भेगा ओलांडायचा अडथळा दिसतो भयानक आणि असतो सोपा. १२ सें.मी.चं चाक ८ सें.मी.च्या भेगेत फक्त दीड सें.मी. उतरतं, १० सें.मी.च्या भेगेत पावणेतीन. १२ला मात्र सरळ आत जातं. त्यामुळे पाहुण्यांसमोर मिरवायला १० सें.मी.ची खोल भेग उत्तम. तिरकी ठेवलीत तर आणखी बरं, एकेक चाक वेगवेगळ्या वेळी उतरतं आणि गाडी होडीसारखी डुलते. धारेचं गणित उलटं आहे. दोन्हीकडून ३०-३० अंशांचे चढ एका धारेवर मिळाले की पोट टेकायला लागतं आणि चाकं हवेत फिरतात. बघणाऱ्याला वाटतं हा अडथळा काहीच नाही. चालवणाऱ्याला विचारा.

आता दगड. तुमच्याकडे जांभा आहे याचा मला हेवा वाटतो. युटामधल्या मोआबचे व्हिडिओ तुम्ही पाहिले असतीलच, गाड्या भिंतीवर पाल चढावी तशा चढतात. तो वालुकाश्म सँडपेपरसारखा असतो. आमच्याकडचा नदीतला घासलेला काळा गोटा त्याच्यासमोर साबण आहे. मात्र ताजा फोडलेला काळा दगड चांगला पकडतो, आणि त्यातही भोकंभोकं असलेला, लाव्हातल्या वायूच्या बुडबुड्यांच्या जागा राहिलेला. जांभा या सगळ्यांहून वरचढ, चाळणीसारखा सच्छिद्र. शिवाय खाणीतून ताजा निघालेला जांभा मऊ असतो आणि उघड्यावर कडक होत जातो, म्हणून तर तो तासून चिरे करता येतात. तुमच्याकडचे चिरे जुने झाले असले तरी काळ्या दगडाच्या मानाने ते तासायला सोपेच. चिरे तासणारा माणूस गाठा आणि त्याच्याकडून पाच-सहा चिऱ्यांना खाचा, तिरके माथे, अर्धगोल वाट्या करून घ्या. आम्हा काळ्या दगडवाल्यांना हे सुख नाही, आम्हाला निसर्गाने जो कोन दिला तो गोड मानून घ्यावा लागतो.

जांभ्याचे दोन दुर्गुण आहेत. तो टायर खातो, आणि लाल धूळ सोडतो जी बेअरिंगांत आणि आसांच्या सांध्यांत जाऊन बसते. खेळून झालं की मऊ ब्रशने गाडी झाडायची सवय लावून घ्या. आणि ट्रॅक अख्खा जांभ्याचा करू नका, नाहीतर सगळीकडे सारखीच पकड मिळेल आणि कंटाळा येईल. पाव ब्रास काळा डबर मागवा, भार टनभर होईल, छोटा हत्ती दोन खेपांत आणून टाकेल. त्यात डोक्याएवढे, नारळाएवढे आणि मुठीएवढे असे तिन्ही आकार हवेत. खडी क्रशरवर सांगितलंत की ते निवडू देतात, फक्त गर्दीच्या वेळी जाऊ नका. पाच-सहा गुळगुळीत गोटेही असू द्या. जांभ्यावरून ऐटीत आलेली गाडी त्या गोट्यांवर येऊन पाय घसरल्यासारखी वागते, ती जागा आमच्याकडे सगळ्यांच्या आवडीची आहे.

दगड कुठून आणू नयेत हेही सांगून ठेवतो. नदीपात्रातून परस्पर उचलणं महसूल खात्याच्या परवानगीशिवाय चालत नाही, दगड-वाळू गौण खनिजात येतात. गडावरून तर एक चिपही नको. आणि माळावरच्या कुठल्या दगडाला शेंदराचा डाग दिसला तर तो कितीही सुरेख असो, हात जोडा आणि पुढे चला.

दुसरी खबरदारी जास्त गंभीर आहे. दगडांच्या ढिगात विंचू राहतो, आणि कोकणातला लाल विंचू चेष्टेचा विषय नाही. महाडला डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन या औषधाचा उपचार रुळवण्याआधी त्याच्या दंशाने माणसं दगावत. त्यामुळे हातमोजे घाला, पायात बूट हवेत, दगड आधी पहारीने आपल्यापासून दूर कलंडवा, मग बोटं घाला. महिनाभर दगड हलवत राहायचेत म्हणजे हे दर वेळी. मुलाला सांगा की दगड हलवायचा झाला तर बाबाला हाक मारायची. दंश झालाच तर घरगुती उपायांत वेळ न घालवता थेट दवाखाना.

मांडणीत मी एकच आग्रह धरतो. कंपाउंडच्या कडेकडेने गोल वाट काढू नका. सगळे पहिल्यांदा तेच काढतात, रेल्वेच्या खेळण्यासारखं. त्यात प्रत्येक अडथळा एकाच दिशेने, एकदाच येतो. त्याऐवजी जागेच्या मधोमध एक डोंगर करा, पाया सहा बाय आठ फुटांचा, उंची गुडघ्याएवढी, फार तर ५० सें.मी. त्याच्यावर चारही बाजूंनी चढता आलं पाहिजे, आणि उतरायच्या बाजू चढायच्या बाजूंहून वेगळ्या. मग त्याच डोंगरातून इंग्रजी आठच्या आकड्यासारख्या वाटा एकमेकींना छेदत जातात. उंची यापेक्षा वाढवू नका. तीन-साडेतीन किलोची गाडी मीटरभरावरून पडली तर काहीतरी मोडतंच. शिवाय गाडी अडकली की मुलाचा हात पोचला पाहिजे.

बाकीच्या जागेत आधी माणसं कुठे उभी राहणार ते ठरवा. हे मी दुसऱ्या ट्रॅकवर विसरलो होतो. अडथळे सुंदर, पण गाडीच्या मागे जायला पाऊल ठेवायला जागा नाही, त्यामुळे सगळे त्याच दगडांवर उभे राहून चालवत आणि रचना ढासळत राही. डोंगराभोवती दोन फुटांची पायवाट मोकळी ठेवा. तुमच्या १२ फुटी रुंदीत डोंगराची ६ फुटी बाजू आडवी लावली तर दोन्हीकडे तीन-तीन फूट उरतात: दोन फूट माणसांचे, एक फूट कडेच्या छोट्या अडथळ्यांचा. लांबीच्या दोन्ही टोकांना पाच-पाच फूट मिळतात, एका टोकाला पूल आणि दुसऱ्या टोकाला मुलाचा कोपरा.

डोंगर घराच्या भिंतीला टेकवू नका, ओल धरेल. जमिनीवर दहा सें.मी. मुरूम टाकून धुमसून घ्या आणि घरापासून दूर जाणारा उतार ठेवा, १८ फुटांना चार-साडेचार इंच पुरे. मोठे दगड नुसते वर ठेवू नका, तिसरा हिस्सा मुरमात रुतवा. दगड रुतला की नाही हे पाय देऊन बघायचं, तुमच्या वजनाने डुगडुगला तर बाहेर काढून पुन्हा बसवा. मुठीएवढे दगड डुगडुगले तर हरकत नाही, उलट मजा येते. नारळाच्या वरचे एकही डुगडुगता कामा नये, तो मुलाच्या पायावर येतो.

टीआरएक्स-४ तुमच्याकडे आहे म्हणून एक खास अडथळा सुचवतो. या गाडीचे पुढचे आणि मागचे डिफरन्शियल (वळताना डाव्या-उजव्या चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारे गिअर) रिमोटवरून लॉक-अनलॉक करता येतात. लॉक केले की डाव्या-उजव्या चाकांना सारखीच गती मिळते, चढाला हे उत्तम, पण गाडी वळायला नाराज होते. म्हणून चढ संपल्या संपल्या, माथ्यावरच, घोड्याच्या नालेसारखं वळण ठेवा, त्याच्या आतल्या बाजूला दगडाची कड. लॉक काढायला विसरलात तर वळण बसत नाही. लवकर काढलंत तर चढ चढत नाही. नेमक्या कोणत्या क्षणी बटण दाबायचं याची चुरस लागते. आमच्याकडे या जागेचं नाव पसरणी घाट आहे. नावं जरूर द्या. ‘ती डावीकडची दुसरी पायरी’ यापेक्षा ‘खंबाटकीत अडकलो’ म्हणण्यात वेगळाच दिमाख असतो. तुम्हाला परशुराम आणि कुंभार्ली जवळच आहेत.

पुलासाठी दोन ओंडके, मध्यापासून मध्यापर्यंत २० सें.मी.वर. गाडीची चाकं त्यांच्यावरून बेताने जातात आणि तोल गेला की मधे लोंबकळतात. बांबू घेणार असाल तर तो गुळगुळीत असतो, त्याला काथ्याची दोरी घट्ट गुंडाळा. झुलता पूल करायचा तर नायलॉनच्या दोऱ्यांवर कामट्या बांधा, ३० सें.मी. रुंद, दीड मीटरहून लांब नको. चिखलाचा भाग करू नका असं माझं मत आहे. पहिल्या दिवशी सगळ्यांना आवडतो आणि दुसऱ्या दिवशी गाडी खोलून साफ करताना कुणी जवळ फिरकत नाही. त्याऐवजी एक जुनं घमेलं जमिनीत पुरून त्यात बारीक खडी भरा. चाकं रुततात, खडी उडते, आणि गाडी झटकली की साफ.

आता तो महिना. पहिल्या रविवारी सगळं चुकीचं वाटेल. डोंगराची एक बाजू फार सोपी, दुसरी अशक्य. घाई करू नका, एका वेळी एकच दगड हलवा आणि तीन-चार खेळाडूंना चालवू द्या. माझा नियम असा की ज्या जागी दहांपैकी दहा वेळा गाडी जाते ती मोडायची, जिथे दहांत एकदाही जात नाही तिथे एक खडा द्यायचा, आणि जिथे तीन ते सात वेळा जाते तिला हात लावायचा नाही. अशा जागांवर खडूने खूण करा. चौथ्या रविवारी ज्या दगडांवर खुणा असतील आणि ज्यांना महिनाभर कुणी हलवलेलं नसेल, तेवढ्यांनाच सिमेंट.

तेव्हा गवंड्याला बोलवा आणि त्याच्या शेजारी बसून राहा. एकास चार माल, म्हणजे एक भाग सिमेंट, चार भाग वाळू. जांभा पाणी शोषतो, म्हणून चिरे आधी भिजवून घ्यायला सांगा, नाहीतर तो मालातलं पाणी पिऊन टाकतो आणि सांधा भुसभुशीत राहतो. सांधे तोंडापर्यंत भरायचे नाहीत, दोन-तीन सें.मी. आत दाबायचे, म्हणजे दगड पक्का होतो आणि खाच खाच राहते. हे त्याला तीनदा सांगावं लागेल. वर घोटाई अजिबात नको. जिथे सिमेंट उघडं दिसणारच आहे तिथे ओलं असताना खराट्याने ओरखडे मारा. मग आठ दिवस गोणपाट टाकून पाणी मारा आणि तेवढे दिवस गाडी कपाटात. एकूण दगडांपैकी तिसरा हिस्सा तरी कायम सुटा ठेवा. सिमेंटचं पोतं दीडच्या वर लागलं तर समजा गवंड्याने तुमचं ऐकलं नाही.

ज्यांच्याकडे अंगण नाही, गच्ची आहे, ते हे वाचून दगड वर चढवायला निघतील, म्हणून दोन ओळी त्यांच्यासाठी. वावर असलेल्या गच्चीसाठी आपल्या मानकात, आयएस ८७५ मध्ये, चौरस मीटरला १.५ किलोन्यूटन, म्हणजे दीडशे किलोच्या आसपास भार धरतात. काळा दगड घनमीटरला पावणेतीन टनांच्या वरच भरतो. नुसता पाच सें.मी.चा सलग थर अंथरला की तो हिशोब संपला. गच्चीवर थर्माकोल कापून डोंगर करा, त्यावर कोंबडी जाळी आणि एक-दीड सें.मी. सिमेंटचा खरखरीत लेप, सुटे तुकडे करून, म्हणजे उचलून बाजूला ठेवता येतात. वॉटरप्रूफिंगला खिळा लावू नका. थर्माकोलवर थेट स्प्रे पेंट मारू नका, विरघळतो, आधी लेप.

तुमच्याकडचा पाऊस हा स्वतंत्र विषय आहे. जूनच्या दुसऱ्या आठवड्यानंतर जांभ्यावर शेवाळ धरणार, ते टळत नाही. ताठ ब्रश आणि ब्लीचिंग पावडरचं पातळ पाणी, महिन्यातून एकदा, तेवढ्याने भागतं. अख्ख्या ट्रॅकवर ताडपत्री टाकू नका, खाली ओल कोंडते आणि विंचवांची सोय होते. तासून केलेल्या वाट्यांमध्ये पाणी साचेल. डासाला अंड्यापासून उडायला आठ-दहा दिवस पुरतात, म्हणून प्रत्येक वाटीला एका बाजूला बोटाएवढी वाट काढून द्या. पाण्यातून गाडी नेलीत तर ती वॉटरप्रूफ असली तरी बेअरिंगं वॉटरप्रूफ नसतात. त्याच संध्याकाळी वाळवा आणि तेलाचा थेंब द्या.

उन्हाळ्याचंही एक आहे. एप्रिलच्या दुपारी काळा दगड तव्यासारखा तापतो. संथ चालीत वारा लागत नाही, त्यामुळे मोटर आणि स्पीड कंट्रोलर तापत राहतात. दर पंधरा मिनिटांनी मोटरला बोट लावा, तीन सेकंद टिकवता आलं नाही तर गाडी सावलीत. लिथियम बॅटरी गरम असताना चार्जला लावू नका.

मुलाच्या गाडीसाठी मोठ्या डोंगरावर वाट काढू नका, हे मनापासून सांगतो. तिच्या आसांमधलं अंतर साडेतेरा सें.मी.च्या आत, चाक पाच-साडेपाच सें.मी.चं. तुमची ४ सें.मी.ची पायरी तिला भिंत आहे. त्याच्या टोकाला एक जुना ट्रकचा टायर आडवा टाका, मुरमाने भरा, वर मुठीएवढे दगड आणि काळ्या दगडाच्या चिपा. पायऱ्या दोन-अडीच सें.मी.च्या, दोन पायऱ्यांत १३ऐवजी १८ सें.मी. अंतर. टायरची उंची असल्यामुळे त्याला वाकावं लागत नाही आणि विंचवाची भीतीही थोडी कमी. हा कोपरा तुम्ही शेजारी असताना त्यालाच रचू द्या. तो मोडेल, पुन्हा रचेल, आणि महिन्याभरात तुमच्याहून बरा रचायला लागेल. माझ्या भाच्याने असंच केलं. आता माझ्या डोंगरावरच्या निम्म्या लाइन त्याच्या आहेत.

शेवटी गेट. दोन काड्या, मधे ३२ ते ३५ सें.मी. जागा, गाडी त्यांना न शिवता मधून गेली पाहिजे. सायकलचे जुने स्पोक चांगले चालतात, पण वरचं टोक वाकवून गोल करा आणि रंगीत टेप गुंडाळा, वाकलेल्या माणसाच्या डोळ्याच्या उंचीवर उघडं टोक नको. आमच्या घरचे नियम असे: दहा गेट, सहा मिनिटं, रिव्हर्स घेतला की १ गुण, गेटला शिवलं की ५, हात लावून गाडी उचलली की १०, आणि ज्याचे गुण कमी तो जिंकला. गेटच्या जागा मागच्या वेळी हरलेला ठरवतो. यामुळे दगड तेच राहून ट्रॅक दर रविवारी नवा होतो.

गाडी मोजून झाली की पाच आकडे कळवा: आसांमधलं अंतर, चाकाचा व्यास, घसरण्याचा कोन कोरडा आणि ओला, कलंडण्याचा कोन. चिऱ्यांचा उन्हातला एक फोटोही पाठवा, कडेने काढलेला. मग कोणते पाच तासायला द्यायचे ते सांगतो.